कोणाचाच नसलेला नंबर

२०१९ साली ‘अर्जुन पटियाला’ हा हिंदी चित्रपट लागला आणि दिल्लीतल्या एका तरुणाचा फोन वाजायचा थांबेना. चित्रपटात सनी लिओनीचं पात्र आपला मोबाइल नंबर सांगतं, तो नेमका त्याचा निघाला. शेकडो अनोळखी माणसं त्याच्याकडे सनीची चौकशी करू लागली. पाच वर्षांनी ‘अमरन’ या तमिळ चित्रपटात तसंच घडलं. नायिका ज्या कागदावर नंबर लिहून देते, त्यावरचा नंबर चेन्नईतला अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी वापरत होता. त्याने निर्मात्यांकडे १ कोटी १० लाख रुपयांची भरपाई मागितली आणि पुढे दृश्यातला नंबर झाकण्यात आला.

मनाने रचलेला नंबर काल्पनिकच असणार, हा समज इथे नडतो. जरा हिशेब करून पाहू. आपला मोबाइल नंबर दहा अंकी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. असे एकूण ४०० कोटी नंबर होऊ शकतात. देशात मोबाइल जोडण्या ११० कोटींच्या वर आहेत. म्हणजे डोळे मिटून असे दहा आकडे लिहिले, तरी साधारण चारांत एकदा ते कुणाच्या तरी खिशात वाजतील. बंद पडलेला जुना नंबरही कामाचा नाही; जोडणी तुटल्यावर ९० दिवस तो राखून ठेवतात, नंतर नव्या ग्राहकाला देता येतो.

काल्पनिक नंबर खरोखर काल्पनिक करायचा तर तो कुणालाच मिळणार नाही अशी सोय वरूनच व्हायला हवी. नंबरांचं वाटप करणारी यंत्रणा एक गट बाजूला काढते आणि कोणत्याही कंपनीला देत नाही. मग तो कुणी फिरवला, तरी पलीकडे फोनच नसतो.

अमेरिकेतली सोय जुनी. तिथे पूर्वी एक्स्चेंजला नावं असत आणि नावाची पहिली दोन अक्षरं डायलवर फिरवत. डायलवरच्या ५ वर जे, के, एल ही इंग्रजी अक्षरं होती. त्यांतल्या दोन अक्षरांनी सुरू होणारी नावं सापडणं अवघड, म्हणून ५५ ची मालिका बरीचशी मोकळी राहिली. चित्रपटांतून मग ‘क्लॉन्डाइक ५’ ऐकू येऊ लागलं. आकड्यांत मांडलं तर ५५५. पुढे याच मालिकेतले काही नंबर खऱ्या सेवांना दिले गेले. आज प्रत्येक एरिया कोडमध्ये ५५५-०१०० ते ५५५-०१९९ एवढेच १०० नंबर कथाकादंबऱ्या आणि चित्रपटांसाठी राखीव आहेत. ‘ब्रूस ऑलमायटी’ (२००३) या चित्रपटात देवाचा नंबर ५५५ चा नव्हता आणि त्याला एरिया कोडही दिलेला नव्हता. त्यामुळे वेगवेगळ्या एरिया कोडमधल्या त्या नंबरवाल्यांना देवासाठी फोन येऊ लागले. घरी पाहण्याच्या आवृत्तीत तो बदलून ५५५-०१२३ केला.

ब्रिटनमध्ये ऑफकॉम ही नियामक संस्था असे गट जाहीर करते. लंडनसाठी ०२० ७९४६ ०००० ते ०९९९, मोबाइलसाठी ०७७०० ९००००० ते ९००९९९. फ्रान्स, जर्मनी आणि ऑस्ट्रेलियातही अशी सोय आहे.

आपल्याकडे असा जाहीर गट माझ्या माहितीत नाही. हे वाचून मराठी लेखक किंवा प्रोग्रामर म्हणेल, मग बाहेरच्या गटांतलाच एक उचलतो. इथे फार जपायला हवं. ०२० हा पुण्याचाही एसटीडी कोड आहे. लंडनचा राखीव नंबर +४४ न लावता पुण्यातल्या गोष्टीत घातला, तर तो पुण्याचा आठ अंकी लँडलाइन नंबर म्हणूनच वाचला जाईल. ब्रिटनच्या राखीव मोबाइलचा आधीचा शून्य काढला की उरतात दहा आकडे, आणि सुरुवात ७ ने. हुबेहूब भारतीय मोबाइल. अमेरिकेचा एरिया कोड ६ ते ९ ने सुरू होत असेल, तर ५५५ चा नंबरही तसाच दिसतो. नंबर राखीव असतो तो त्या देशापुरता. देशाचा कोड लावला नाही, तर त्याचं संरक्षण गेलं.

सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करणाऱ्यांची चूक पडद्यावर दिसत नाही, पण ती रोज घडते. दहा वेळा नऊ, किंवा नऊपासून शून्यापर्यंत उतरते आकडे फॉर्ममध्ये टाकायची सवय अनेकांना आहे. हे नंबर रचनेच्या दृष्टीने बरोबर असतात, म्हणून फॉर्म ते स्वीकारतो आणि ओटीपी त्या नंबरवर निघतोच. खरं तर यासाठी साधनं तयार आहेत. गूगलच्या फायरबेसमध्ये चाचणीसाठी काल्पनिक नंबर आणि त्याचा ठरलेला ओटीपी आधीच नोंदवून ठेवता येतो. एसएमएस जात नाही, तरी लॉगिनचा सगळा प्रवास तपासून होतो. ट्विलिओ ही कंपनी चाचणीसाठी +१ ५०० ५५५ ०००६ यासारखे खास नंबर देते. चाचणीच्या क्रेडेन्शियल्सनी हा नंबर पाठवणाऱ्याचा म्हणून लावला, की संदेश कुठेच न जाता ठरलेलं उत्तर परत येतं. टेस्ट सर्व्हरवर ग्राहकांची खरी यादी उतरवली असेल, तर आधी त्यातले नंबर बदलावेत आणि एसएमएस गेटवे बंद ठेवावा. नाहीतर एका चुकीच्या क्लिकवर हजारो माणसांना ‘टेस्ट’ असा संदेश जाऊ शकतो. भारतीय नंबरच तपासायचा असेल, तर ऑफिसच्या नावावर एक सिम घेऊन ठेवणं उत्तम.

मालिका, नाटक, चित्रपटवाल्यांनाही मी हेच सांगेन. संस्थेच्या नावाने सिम घ्या आणि कलाकृती लोक पाहत आहेत तोवर ते रिचार्ज करत राहा. तो खर्च जमत नसेल, तर नंबर पूर्ण दाखवूच नका. झाकायचा कुठून, हेही महत्त्वाचं. ‘स्क्विड गेम’ (२०२१) या कोरियन मालिकेत दाखवलेल्या कार्डावर सुरुवातीचे आकडे नव्हते, फक्त पुढचे आठ होते. पण कोरियातले मोबाइल ०१० ने सुरू होतात. प्रेक्षकांनी ते स्वतःच जोडले आणि एका खऱ्या माणसाला हजारो फोन गेले. नेटफ्लिक्सला ती दृश्यं बदलावी लागली. म्हणून शेवटचे आकडे लपवा, निदान पाच. अंगठ्याआड जाऊ द्या, कागद तिथेच फाटू द्या, किंवा बोलता बोलता फोन कट होऊ द्या.

पण हे सगळे तात्पुरते उपाय. दूरसंचार विभागाने आणि ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने आपल्या दहा अंकी मालिकेतला फक्त १००० नंबरांचा एक गट लेखन, चित्रपट आणि टेस्टिंगसाठी कायमचा राखून तो जाहीर करावा. ४०० कोटींतून १००० काढायचे आहेत. लेखक, निर्माते आणि सॉफ्टवेअरवाल्यांच्या संघटनांनी ही मागणी एकत्र येऊन लावून धरावी.