अप म्हणजे खाली : मावळातून मुंबईची वाट

मावळातला माणूस घाट उतरून मुंबईला जातो आणि घाट चढून घरी येतो. रेल्वेच्या लेखी मात्र हे नेमके उलटे आहे. मुंबईकडे जाणारी गाडी 'अप' आणि मुंबईहून लोणावळ्याकडे चढणारी 'डाऊन'. खंडाळ्यापुढे डोंगराच्या कडेकडेने ब्रेक लावत खाली जाणाऱ्या गाडीला 'अप' म्हणताना आपल्याला काही वाटत नाही, इतके ते अंगवळणी पडले आहे. पण हा शब्द मला नेहमी अडवतो. मुख्य ठाणे जिकडे, ती दिशा वरची, असा हा रेल्वेचा संकेत आहे. म्हणजे हा मार्ग कुठे बसून आखला गेला, हे त्या एका शब्दात आले. मावळातून मुंबई किती जवळ आली, या प्रश्नाचा शोध घ्यायचा तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

आगगाडीच्या आधी रस्ता होता. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० साली, बोरघाटात चाकाची वाहने जाऊ शकतील असा रस्ता झाला. (त्याच कामातला पूल पुढे जाहिरातीमुळे 'अमृतांजन पूल' म्हणून ओळखला गेला आणि एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, पाडला गेला.) पुढे १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १८५६ मध्ये रूळ घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत आले आणि १४ जून १८५८ रोजी घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे हा भाग सुरू झाला. मधला घाट मात्र तसाच.

आपल्याकडे रेल्वेच्या इतिहासात १८५३ आणि १८६३ ही दोन साले ठळक छापतात. मला त्यांच्या मधली १८५८ ते १८६३ ही पाच वर्षे जास्त बोलकी वाटतात. या काळात मुंबईला निघालेला तळेगावचा किंवा वडगावचा माणूस गाडीने खंडाळ्याला येई, तिथे उतरून जुन्या घाटरस्त्याने मेण्यातून, तट्टावर, बैलगाडीतून किंवा पायी खोपोलीला जाई आणि तिथे पुन्हा गाडीत बसे. दोन गाड्या आणि मध्ये घाट. वरच्या बाजूला धावणारी इंजिने आणि डबेही याच रस्त्याने वर ओढून आणावे लागले असणार, कारण रूळ जोडलेलेच नव्हते.

ते जोडण्याचे काम हा वेगळाच अध्याय आहे. मुख्य अभियंता जेम्स बर्कले. घाटाचे कंत्राट आधी विल्यम फॅविएल याच्याकडे होते. जानेवारी १८५९ मध्ये मजुरीवरून दंगल झाली, आणि त्याच वर्षी त्याने काम सोडले. पाठोपाठ सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार विलायतेतून आला आणि काही आठवड्यांतच वारला. पुढचे काम त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, अंगावर घेतले आणि ॲडमसन व क्लाउझर या दोन अभियंत्यांच्या मदतीने तडीस नेले. ऐन भरात इथे चाळीस हजारांहून जास्त माणसे राबत होती. कड्यावरून दोर सोडून, त्याला लोंबकळत सुरुंगाची भोके पाडायची, असे ते काम. दरड, सुरुंग आणि पटकी यांनी किती माणसे नेली याचे आकडे वेगवेगळ्या ठिकाणी इतके वेगळे दिलेले आहेत की मी एकही इथे देत नाही. कंत्राटदारांची नावे मिळतात, अभियंत्यांची मिळतात. राबणाऱ्यांची गणती तेवढी मिळते.

२१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाट खुला झाला. सुमारे सोळा मैलांत १,८३१ फुटांची चढण, पंचवीस बोगदे, दऱ्यांवरचे आठ मोठे पूल. सर्वांत खडा चढ एकास सदतीस, म्हणजे सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर. ऐकायला किरकोळ वाटतो, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरण्यासाठी एवढा चढ पुरेसा आहे. खंडाळ्याच्या अलीकडे तर डोंगराने वळायलाही जागा ठेवली नव्हती. तिथे 'रिव्हर्सिंग स्टेशन' केले. गाडी एका टोकाशी येऊन थांबे, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट्या दिशेने पुढची चढण चढे. त्या फलाटावर मावेल तेवढीच लांब गाडी घाटातून नेता येई. हे खोळंबे १९२९ मध्ये नव्या बोगद्यांचा मार्ग झाला तेव्हा संपले. त्याच वर्षी कल्याण ते पुणे विजेची इंजिनेही आली.

विजेचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगतो. मावळातून मुंबईला सर्वांत बिनबोभाट कोण पोहोचले असेल, तर ते पाणी. लोणावळ्याच्या वळवण आणि इतर तलावांचे पाणी नळांतून घाटाखाली सोडून खोपोलीला वीज करायची, ही टाटांची योजना १९१५ मध्ये सुरू झाली, आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. त्यातल्या कित्येक गिरण्यांत घाटावरचेच कामगार होते. पाणी आधी गेले की माणसे, हे ठरवणे अवघड आहे.

१ जून १९३० रोजी 'डेक्कन क्वीन' आली. तिच्याबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी एवढेच नोंदवतो : सुरुवातीला तिला फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. तिसरा वर्ग जोडला गेला तो जून १९५५ मध्ये. म्हणजे पंचवीस वर्षे ही राणी मावळातल्या शेतांच्या कडेने गेली, पण शेतावरच्या माणसाला परवडेल असा डबा तिला नव्हता. सुरुवातीच्या काळात ती पुणे-मुंबई अंतर सुमारे पावणेतीन तासांत कापत असे. आज तीन तासांच्या वर लागतात. इंजिने सुधारली, पण थांबे वाढले आणि कल्याणच्या पुढे लोकलची गर्दीही वाढली.

१९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली तेव्हा मी कामशेतला शाळेत होतो. मावळाच्या दृष्टीने ही घटना 'डेक्कन क्वीन'पेक्षा कितीतरी मोठी. तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली या स्थानकांवर थांबणारी हक्काची गाडी मिळाली. पोरे पुण्याला कॉलेजात जाऊ लागली, दूधवाले, भाजीवाल्या, पिंपरी-चिंचवडचे कामगार घरी राहून नोकरी करू लागले. त्यातून जवळ आले ते पुणे.

मुंबईचे काय? पुण्याची लोकल लोणावळ्याला संपते. मुंबईची लोकल कर्जतला आणि खोपोलीला संपते. मध्ये उरतात अठ्ठावीस किलोमीटर, आणि त्यात एकही लोकल नाही. पुणे-मुंबई १९२ किलोमीटरपैकी १६४ किलोमीटरांवर साधा पासधारक लोकलने जाऊ शकतो. नेमका घाट तेवढा राहतो. १८५८ सालचे वेळापत्रक आणि आजचे लोकलचे वेळापत्रक शेजारी ठेवले तर खिंडार त्याच जागी दिसते, आणि एका टोकाला तर खोपोलीसुद्धा तीच आहे.

याला कारणे आहेत आणि ती खोटी नाहीत. चढताना कर्जतला गाडीच्या मागे ढकलणारी 'बँकर' इंजिने जोडावी लागतात, ती लोणावळ्याला सोडतात. उतरताना ताबा सुटलेल्या गाडीसाठी वाटेत चढावर जाणारे आडरूळ ठेवलेले आहेत. या सगळ्यातून मालगाड्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्या काढायच्या. शिवाय डोंगर स्वस्थ बसत नाही. १८६७ च्या पावसाळ्यात घाटातला एक मोठा पूल कोसळला होता. २०१९ च्या पावसाळ्यात मंकी हिल ते नागनाथ या टप्प्यात मार्गाची अशी हानी झाली की कित्येक गाड्या दीर्घकाळ रद्द कराव्या लागल्या. तरीही मला वाटते, घाट तांत्रिकदृष्ट्या जिंकला गेला तो पुणे आणि त्यापलीकडच्या प्रवाशासाठी. माथ्यावरच्या गावांना तो आजही ओलांडावा लागतो.

द्रुतगती मार्गाचा पर्याय आहे, असे मला सांगतात. तो मोटार असलेल्याला आहे. कामशेतचा उमेदवार मुंबईला मुलाखतीला निघाला की पहाटेच्या लोकलने लोणावळ्याला जातो, पुण्याहून भरून आलेल्या एक्स्प्रेसच्या साध्या डब्यात पाय ठेवायला जागा शोधतो आणि दादरला उतरतो. परतीची गाडी घाटात रखडून शेवटची लोकल निघून गेली, तर लोणावळ्याच्या बाहेर सहा आसनी रिक्षा भरेपर्यंत थांबायचे, नाहीतर गावात कुणाला तरी फोन करून मोटारसायकल मागवायची.