पूर्वजांच्या देवाशी बोलताना

पिढीजात श्रद्धा सुरळीत चालू असते तेव्हा माणूस आरती म्हणतो, वारीला जातो, कुलदैवताचा वार धरतो. तिच्यात खंड पडला की प्रश्न सुरू होतात. आपल्या आधीच्यांनी कोणापुढे हात जोडले? त्यात आपला वाटा किती, आणि तो मागायचा कोणाकडे? मराठी कवितेने हे पुन्हा पुन्हा विचारले आहे. हा खंड कधी धर्मांतराने पडला, कधी युद्धाने आणि महानगराने, तर कधी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अपमानाने. एकेका कवीपुरते पाहिले तर या शोधातली सलगता हाती लागत नाही, म्हणून हे कवी एकत्र पाहायला हवेत.

ओवी तीच, देव नवा

सुरुवात गोव्यापासून करावी लागते. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापून निघाले. लिपी रोमन, पण ग्रंथ सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचा. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे हातची गेली होती आणि ओवी ऐकण्याची भूक तशीच होती. पोर्तुगीज सत्तेच्या छायेत एका पाद्र्याने हे पुराण रचले, हे विसरता येत नाही. तरीही श्रद्धा बदलली म्हणून कानावरचा संस्कार बदलत नाही, याचा हा पहिला मोठा लेखी पुरावा आहे.

पुढे जवळजवळ तीन शतकांनी नारायण वामन टिळकांनी ही वाट स्वतःच्या मर्जीने धरली. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घर हादरले, संसार दुभंगला. ती सारी होरपळ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त आहे. पण टिळकांनी तुकोबांचा हात सोडला नाही. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकारामांच्या पुलावरून, असे ते मानत. ‘अभंगांजली’त त्यांनी ख्रिस्ताला वारकऱ्याच्या सलगीने हाक मारली. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. मराठी चर्चमध्ये टिळकांची गीते आजही उपासनेत म्हटली जातात. धर्म सोडलेल्या माणसाने पूर्वजांची वाणी जपली, एवढेच नाही, तर ती नव्या घरी नांदवली.

संशयाचा अभंग

बा. सी. मर्ढेकरांची अडचण निराळी होती. १९४७ च्या ‘काही कविता’मध्ये दुसऱ्या महायुद्धानंतरचे जग आहे: यंत्र, गर्दी, स्वस्त झालेले मरण. हे सांगायला त्यांनी अभंग आणि ओवी घेतली. ज्या छंदात तुकोबांनी देवाला जाब विचारला, त्याच वळणाच्या ओळींत मर्ढेकरांनी देवाबद्दलची शंका ठेवली. लय आश्वासन देते आणि शब्द ते मागे घेतात. या ताणातूनच त्यांची प्रार्थना खरी वाटते.

दिलीप चित्रे आणि अरुण कोलटकर हे दोघेही मराठी-इंग्रजी अशा दोन भाषांत लिहिणारे. चित्र्यांनी तुकोबांना इंग्रजीत नेण्याचे काम अनेक वर्षे केले. मराठी ‘पुन्हा तुकाराम’ १९९० मध्ये आले, तर इंग्रजी ‘सेज तुका’ १९९१ मध्ये. जगभरची कविता वाचलेल्या या कवीला आपला पूर्वज देहूत भेटला.

कोलटकरांच्या इंग्रजी ‘जेजुरी’ला १९७७ मध्ये राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. त्यांची दृष्टी पर्यटकाची आहे, असा आक्षेप भालचंद्र नेमाड्यांनी घेतला. हा आक्षेप ‘जेजुरी’पुरता समजता येतो; कोलटकरांच्या साऱ्या कवितेला तो लावता येत नाही. ते पखवाज शिकले, बळवंतबुवा या भजन गाणाऱ्या माणसाच्या सहवासात राहिले, आणि त्या सहवासातून ‘चिरीमिरी’ आली. ‘भिजकी वही’ (२००३) तर इंद्रायणीत बुडालेल्या तुकोबांच्या गाथेची आठवण घेऊन कॅसांड्रा, हायपेशिया, राबिया अशा स्त्रियांच्या दुःखापर्यंत जाते. वारसा इतका खोल मुरला की तो दुसऱ्यांचे अश्रू टिपायला उपयोगी पडला.

पायरीवरचा प्रश्न

मात्र हा वारसा सर्वांना सारखा मिळालेला नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखामेळ्यांची, म्हणजे चोखोबांची, समाधी पंढरपूरच्या मंदिरात नाही, महाद्वाराच्या पायरीपाशी आहे. त्यांच्या पत्नी सोयराबाईंनी विटाळाच्या कल्पनेलाच प्रश्न केला. त्यांचा मुलगा कर्ममेळा याच्या अभंगांत तर देवावरचा राग लपत नाही. मंदिर दलितांना खुले झाले ते १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. चोखोबांना जाऊन तेव्हा सहाशे वर्षे उलटली होती.

अशा पूर्वजाचे काय करायचे, हा दलित कवींचा प्रश्न पोथीतला नव्हता, घरातला होता. कबीरपंथी घरात वाढलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावरचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. अस्पृश्यांचे पूर्वज बौद्ध होते, अशी मांडणी त्याच ग्रंथात आहे. त्यामुळे १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षा अनेकांना घरवापसीसारखी वाटली. वामनदादा कर्डकांनी हा नवा-जुना धम्म गाण्यांतून वस्त्यावस्त्यांत पोचवला. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने (१९७२) देवाधर्माची सारी भाषाच मोडून काढली. त्या मोडतोडीत मला कर्ममेळ्याचा राग ऐकू येतो. चोखोबांना नाकारणाऱ्या कवीकडेही त्यांच्या घरातला प्रश्न आलेला असतो.

आदिवासी कवींना तर अभंगाचीही सोय नव्हती. विदर्भातला गोंड समाज चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे अशी आपली नाती देवांच्या संख्येवरून लावतो. सोयरिकीही त्यावरूनच जुळतात. ही श्रद्धा ग्रंथांत नाही, गाण्यांत आणि गोत्रांत आहे. भुजंग मेश्रामांनी ‘उलगुलान’मध्ये बिरसा मुंडांच्या उठावाचे नाव मराठी कवितेवर कोरले. वाहरू सोनवणे यांच्या ‘गोधड’ने भिल्लांचे जगणे त्यांच्याच तोंडून सांगितले. या कवींना आपली मुळे आधी मराठीला दाखवून द्यावी लागली.

वारसा कोणाचा?

आज पूर्वजांच्या श्रद्धेचे नाव मोठ्याने घेतले जाते. मूळ एकच होते, ते निर्मळ होते आणि ते फक्त आमचे आहे, असा सूर त्यात वाढतो आहे. चार शतकांची मराठी कविता त्याला दुजोरा देत नाही. तुकाराम ख्रिस्ती टिळकांचे झाले, संशयी मर्ढेकरांचेही झाले. चोखोबांची वेदना पंढरी सोडून गेलेल्यांकडेही पोचली. या कवींपैकी ज्यांनी पूर्वजांकडून सर्वांत जास्त घेतले, त्यांनी त्यांच्याशी सर्वांत कडक भांडणही केले. देवाला तोंडावर जाब विचारण्याचा हक्क ही आपल्या संतांची खरी मिरास आहे, आणि तिला जातीधर्माची अट नाही.

म्हणूनच आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि काव्यवाचनांत ‘क्रिस्तपुराण’, सोयराबाईंचे अभंग, टिळकांची भजने, वामनदादांची भीमगीते आणि गोंडी-भिली गाणी एकमेकांशेजारी यायला हवीत. ती आज वेगवेगळ्या दालनांत कोंडलेली आहेत. ती एकत्र वाचणाऱ्या मुलाला आपले पूर्वज कोण, याचे उत्तर कोणी परस्पर देऊ शकणार नाही. ते तो स्वतः शोधील, आणि त्या शोधात त्याला इतरांचेही पूर्वज भेटतील.