शेताची माती आणि नदीचा हिशेब

महसूल खात्याच्या दप्तरांत आमचीं बरींच वर्षें गेलीं. १८७९ च्या मुंबई जमीनमहसूल कायद्यानें नदीनें वाहून नेलेल्या जमिनीचा सारा कमी करून मागण्याचा हक्क खातेदारास दिला होता. मात्र गेलेला तुकडा अर्ध्या एकराहून लहान नसावा, अशी त्यांत अट होती. कायद्यास कोठें तरी मर्यादा घालणें भागच होतें. परंतु नदी अर्धा अर्धा एकर एकदम क्वचितच नेते. बहुधा ती जमीन पापुद्र्यापापुद्र्यानें नेते, आणि त्याची नोंद कोणत्याहि दप्तरांत होत नाहीं.

हा व्यवहार आरंभापासून शेवटपर्यंत पाहावयाचा असल्यास मुंबईची मिठी नदी सोयीची आहे. कारण तिची लांबी अवघी अठरा किलोमीटरांच्या आसपास आहे. विहार व पवई या तलावांच्या सांडव्याचें पाणी घेऊन ती आरे कॉलनीच्या बाजूनें वाहते आणि माहीमच्या खाडीस मिळते. पावसाळ्यांत आरेच्या टेकड्यांवरील ओहळ पाहावे. गवत व झाडी जेथें दाट, तेथील पाणी नितळ. जेथें माती उघडी पडली, तेथील गढूळ. उतारावर पाण्यास वेग येतो, आणि वेग हेंच त्याचें बळ. वेग दुप्पट झाला, तर ढकलतां येणाऱ्या दगडाचें वजन सुमारें चौसष्टपट होतें, असें गणित आहे. दगड तळाशीं गडगडतात, वाळू उड्या मारीत जाते, आणि बारीक माती पाण्यांत तरंगत दूरवर जाते. शेतकऱ्याचें खरें धन ही बारीक मातीच होय.

वेग कमी झाला कीं नदी ओझें खालीं ठेवते. जड तें आधीं. विहार तलाव १८६० सालीं बांधून झाला. अशा स्थिर पाण्यांत गाळ बसतो, आणि सांडव्यावरून उतरलेलें निवळ पाणी रिकाम्या हातीं असल्यामुळें पुढें पात्र व कांठ पुन्हा कोरूं लागतें. वळणावर नदी बाहेरचा कांठ खाते व आंतल्या बाजूस मळई घालते. कुर्ल्याच्या पुढें सपाटी लागते. खाडींत भरतीचें खारें पाणी भेटतांच मातीचे सूक्ष्म कण एकमेकांस चिकटून तळाशीं बसतात. साष्टीच्या खाडीकांठचीं खाजणें अशाच गाळानें बनलीं.

२६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. भरावानें आक्रसलेल्या व गाळानें उथळ झालेल्या मिठीच्या पात्रांत तें पाणी मावलें नाहीं. भरतीमुळें तें समुद्रांत लवकर उतरलेंहि नाहीं. त्या पुरांत शहरांतील शेंकडों माणसें मृत्यु पावलीं. अजूनहि दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं त्या पात्रांतील गाळ उपसावा लागतो. आणि कारखान्यांच्या घाणीनें बाटलेला तो गाळ शेतांत घालण्याच्याहि उपयोगाचा राहिलेला नाहीं.

आतां आपल्या शेताचा हिशेब करूं. एका एकरावरून एक मिलिमीटर जाडीचा थर गेला, तर ती माती सुमारें चार घनमीटर, म्हणजे वजनानें पांच टनांच्या आसपास होते. डोळ्यांस तें दिसत नाहीं. सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढेंच राहतें, साराहि तोच. घटतें तें पीक. म्हणून नांगरट व पेरणी उतारास आडवी करावी, बांध पावसाळ्यापूर्वीं दुरुस्त करावे, आणि ओढ्याच्या कांठचें गवत व झाडी तोडून चार ओळी अधिक पेरण्याचा मोह आवरावा.

आमच्या वाचकांनीं एक प्रयोग अवश्य करावा. पहिल्या मोठ्या पावसांत शेताबाहेर पडणारें पाणी कांचेच्या भांड्यांत भरून रात्रभर ठेवावें. सकाळीं तळाशीं जो थर दिसेल, ती आपल्या खात्यांतील खरी वजाबाकी समजावी.