एक खेटा वाचला, एक रोजी वाचली

सडक अर्जुनी तालुक्यात रोवणीचे दिवस आले की एक गोष्ट मुद्दाम पाहावी. बाया बांधीत वाकण्यापूर्वीच पऱ्ह्यांच्या पेंड्या बांधीभर ठिकठिकाणी टाकलेल्या असतात. हातातली पेंडी संपली की दुसरी हाताशीच सापडते. प्रत्येक बाईला पेंडीसाठी धुऱ्यापर्यंत जावे लागले असते, तर तेवढ्याच बायांकडून एवढी रोवणी झाली नसती. घाम तेवढाच, पण मांडणी नीट म्हणून काम जास्त. यालाच मोठ्या भाषेत कामाची उत्पादकता वाढविणे म्हणतात.

निरक्षर आईला कळलेले हे शहाणपण कार्यालयाच्या टेबलावर मात्र उशिरा पोहोचते. मुलाच्या दाखल्यासाठी मजूर आला की "एक कागद कमी आहे", "साहेब दौऱ्यावर आहेत", "सोमवारी या" ही उत्तरे ठरलेली. कार्यालयाच्या हिशेबी तो फक्त एक प्रलंबित अर्ज असतो. त्याच्या घरच्या हिशेबी मात्र तीन बुडालेल्या रोज्या, बसभाडे आणि झेरॉक्सचे पैसे असतात. हा खर्च कोणत्याही खातेवहीत चढत नाही. म्हणून कार्यालय किती काम करते हे मोजायचे असेल, तर एका कामासाठी गरिबाला किती खेटे पडतात ते आधी मोजले पाहिजे.

बाबासाहेबांनी दाखविलेली दिशा

काम वाढवायचे म्हणजे माणसाला जास्त वेळ राबवायचे, ही मालकांची जुनी समजूत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. त्यांच्या खात्याने कारखाना कायद्यात दुरुस्ती आणली आणि १९४६ मध्ये बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ झाले. माणसाला पिळून नव्हे, तर माणूस म्हणून वागवून काम घ्यायचे, हा त्यामागचा धडा. तो कारखान्याइतकाच कचेरीलाही लागू आहे. कारकून रात्री आठपर्यंत बसला म्हणून काम होत नाही. कागद योग्य जागी असला की काम होते.

सहा गठ्ठ्यांची गोष्ट

हे आपल्याच राज्यात करून दाखविले गेले आहे. १९८० च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची बैठक, अभिलेख आणि जनतेशी होणारा व्यवहार यांची नव्याने मांडणी केली. ती "लखिना पॅटर्न" म्हणून गाजली. पुढे २०१७ मध्ये पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी "झिरो पेंडन्सी" मोहिमेत त्याच वाटेवर भर दिला : साचलेले निकाली काढा आणि रोजचे काम रोज संपवा.

यात यंत्र कोणतेच नाही. प्रत्येक टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावायचे : चालू प्रकरणे, उत्तराची वाट पाहणारी प्रकरणे, ठराविक मुदतीने पाठवायची विवरणपत्रे, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि मुदत संपल्यावर नष्ट करायचे कागद. अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडायचे. 'अ' म्हणजे कायम जपायचे, 'ड' म्हणजे वर्षभरापुरते.

आपल्या समाजाला याचे मोल अधिक. १९९० मध्ये अनुसूचित जातींच्या आदेशात कायद्याने दुरुस्ती झाल्यानंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळू लागल्या. पण जातीच्या प्रमाणपत्रासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. आजोबांचा दाखल-खारीज उतारा किंवा कोतवाल पंजीतील जन्मनोंद अस्ताव्यस्त कपाटाखाली दबून राहिली, तर नातवाचा प्रवेश हुकू शकतो. गठ्ठा नीट बांधण्याचे काम म्हणूनच क्षुल्लक नाही.

संगणक आला, पण वाट सरळ झाली का ?

वाकडी वाट संगणकात घातली तर तीही वाकडीच राहते. ऑनलाइन अर्ज भरल्यावर तेच सारे कागद पुन्हा हातात मागितले, तर काम दुप्पट झाले. याउलट १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, तेथे तलाठ्याच्या सहीसाठीचा खेटाच संपला. मार्च २०१५ मध्ये शासनाने, कायद्याने आवश्यक असेल तेवढे सोडून, शपथपत्राऐवजी स्वयंघोषणापत्र आणि साक्षांकनाऐवजी स्वतःची सही मान्य केली. एका आदेशाने किती दारे झिजवणे वाचले ! आधी अनावश्यक पायरी काढावी, मग यंत्र आणावे. क्रम असा हवा.

आपण काय करावे ?

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रत्येकाने समजून घ्यावा. अधिसूचित सेवा, तिची मुदत, शुल्क, जबाबदार अधिकारी आणि अपिलीय अधिकारी यांचा फलक कार्यालयात लागलाच पाहिजे. अर्जाची पोच व क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. मुदतीत काम झाले नाही, तर तीस दिवसांत पहिले अपील करता येते. दोषी अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

घरातही एक फाइल करा. जन्मदाखले, शाळा सोडल्याचे दाखले, जातीचे व वैधतेचे प्रमाणपत्र, जुने उतारे यांच्या दोन-दोन प्रती त्यात ठेवा. वडिलांकडील रक्ताच्या नात्यात कोणाची वैधता झाली असेल, तर तिची प्रत मागून घ्या. पुढचे काम हलके होते. ही फाइल सांभाळण्याचे काम शिकणाऱ्या मुलीकडे सोपवा.

विहारात रविवारी वंदना झाल्यावर शिकलेल्या तरुणांनी तासभर बसून लोकांचे अर्ज तपासावेत. कमी असलेला कागद विहारातच कळला, तर तहसिलीचा खेटा वाचेल.

आणि जे आपले बांधव-भगिनी शासनाच्या खुर्चीवर बसले आहेत, त्यांना एवढेच सांगणे : ती खुर्ची बाबासाहेबांमुळे मिळाली. सम्यक कर्मांत आणि सम्यक आजीविका हे शब्द केवळ वंदनेपुरते नाहीत. समोर उभा असलेला माणूस आजची रोजी पाडून आला आहे. त्याचा कागद आजच पुढे सरकवा.

जयभीम !