वजावट कोणत्या रीतीने घ्यायची?

पगारावर आयकर बसतो, पण सगळ्या पगारावर नाही. आधी त्यातून काही रक्कम वजा करतात. तिला वजावट म्हणतात. ती घेण्याच्या आता दोन रीती आहेत, आणि कोणती हवी ते आपणच सांगायचं असतं.

जुन्या रीतीत एकेक खर्च मांडावा लागतो. विम्याचा हप्ता, भविष्यनिर्वाह निधी, मुलांची शाळेची फी, घरकर्जाची मुद्दल, हे सारे मिळून दीड लाखापर्यंत. घरकर्जाचे व्याज नि घरभाडे निराळे. प्रत्येकाची पावती हवी. शिवाय ५०,००० रुपये बिनपावतीचे वजा होतात. नवी रीत २०२० साली आली. तीत बहुतेक पावत्या चालत नाहीत. २०२४-२५ पासून ७५,००० रुपये सरसकट वजा होतात, आणि कराचे दर कमी आहेत.

हिशेबच करून बघू. समजा, एका बाईंचा सालाचा पगार ८ लाख रुपये. त्यांनी दीड लाखाची बचत दाखवली. जुन्या रीतीने दोन लाख वजा होऊन ६ लाख उरले. २०२५-२६ च्या दराने त्यावर उपकरासह ३३,८०० रुपये कर झाला. नव्या रीतीने ७,२५,००० उरले. आकडा मोठा दिसतो ना? पण कर शून्य! त्या साली नव्या रीतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर माफ होता. शेअर विकून झालेला नफा तेवढा यात धरायचा नाही.

मग जुनी रीत कुणाला परवडते? १५ लाख पगार असेल, तर त्याच सालच्या दराने पावत्यांचा आकडा ५ लाख ४४ हजारांच्या वर गेला पाहिजे. मोठं घरकर्ज आणि शहरातलं जबर भाडं असल्याशिवाय एवढा आकडा कुठून जमणार?

म्हणून मार्च महिन्यात कुणी दारी येऊन "विमा घ्या, कर वाचेल" म्हणाला, तर आधी विचारा, "कोणत्या रीतीत?" नव्या रीतीत त्या हप्त्याने पैसाही वाचत नाही. हप्ता मात्र पुढे कैक वर्षे भरत बसावा लागतो. विमा घ्यावा तो घरच्यांसाठी, असं आमचं मत.

साल सुरू होताना कचेरीत रीत विचारतात. गप्प राहिलात तर नवी धरतात. पगारदाराला विवरणपत्र भरतानाही ती बदलता येते. पण जुनी हवी असेल तर विवरणपत्र मुदतीत गेलं पाहिजे. दुकान-धंदेवाल्यांना मात्र अशी दर साली अदलाबदल करता येत नाही.