पहिल्या वाक्यात माणूस कळत नाही

गोंदियाची मुलं मुलाखतीला पुण्या-मुंबईत गेली की तोंड उघडताच त्यांच्याबद्दल मत तयार होतं. ‘पाणी’चं ‘पानी’ झालं, मधेच हिंदी आली, की ऐकणारा ठरवून मोकळा होतो: मराठी कच्चं, म्हणजे शिक्षणही बेताचंच. हा अन्याय काही पक्क्या समजुतींवर उभा आहे.

गैरसमज : पाहताक्षणी माणूस ओळखता येतो.
मत पाहताक्षणी बनतं, एवढंच खरं. विलिस आणि तोदोरोव्ह या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भागच दिसला, तरी लोकांनी विश्वासू कोण, कर्तबगार कोण ते सांगितलं. जास्त वेळ दिल्यावर मत फारसं बदललं नाही. स्वतःच्या मताबद्दलची खात्री तेवढी वाढली. ती खात्रीच घातक.

गैरसमज : शब्दांचा प्रभाव फक्त ७ टक्के, बाकी आवाज आणि देहबोली.
व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासमध्ये हा आकडा सर्रास सांगतात. तो मानसशास्त्रज्ञ मेहराबियन यांच्या १९६७च्या, सुट्या शब्दांमागची भावना ओळखण्याच्या प्रयोगांतून आला. मुलाखतीतल्या उत्तरांशी त्याचा संबंध नाही.

गैरसमज : फर्स्ट इम्प्रेशन हेच लास्ट इम्प्रेशन.
मान आणि फर्ग्युसन या मानसशास्त्रज्ञांनी २०१५मध्ये एका प्रयोगात लोकांना एका माणसाची हकिकत सांगितली. तो शेजाऱ्यांच्या घरांत घुसला, नासधूस केली, मौल्यवान काहीतरी घेऊन बाहेर पडला. साहजिकच मत वाईट झालं. मग कळलं की घरांना आग लागली होती आणि त्याने मुलं बाहेर काढली. नकळत उमटणारी नावडसुद्धा उलटली. त्याच्या दुसऱ्याच एखाद्या सत्कृत्याने मात्र तेवढं साधलं नाही. आधी पाहिलेल्याचाच अर्थ बदलावा लागतो.

गोंदियाच्या बोलण्याचाही असा अर्थ आहे. हा मुलूख १९५६पर्यंत हिंदी-मराठी अशा दुभाषी राज्यात होता, राजधानी नागपूर. शेजारी बालाघाट आणि राजनांदगाव हे हिंदी भाषिक जिल्हे. १ मे १९९९ला भंडाऱ्यातून जिल्हा वेगळा झाला, पण बाजारातली हिंदी तशीच राहिली. कुणाच्या घरी पोवारी, कुणाकडे गोंडी, कुणाकडे मराठीचीच झाडीबोली. आणि झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होणं हा नियमच आहे. म्हणजे समोरचं पोरगं दोन-तीन भाषा रोज वापरतं. त्याला कच्चं कसं म्हणायचं?

मुलाखत घेणाऱ्यांना एक साधी गोष्ट करता येते: सगळ्यांना तेच प्रश्न, आणि प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे गुण. अशा आखीव मुलाखतीतून कामाचा अंदाज मोकळ्या गप्पांपेक्षा चांगला येतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. उच्चाराला गुण द्यायचेच असतील, तर भरायची जागा निवेदकाची असावी.