फुटपाथवरचा हिशोब

भायखळ्याच्या डिमटिमकर रोडवर, पीरखान स्ट्रीटवर आणि झुला मैदानाच्या आसपास चाळीसेक वर्षांपूर्वी बायकांनी एक बचत सुरू केली. तिला कार्यालय नव्हतं, खिडकी नव्हती, आणि बहुतेक खातेदारांना अक्षरओळखही नव्हती. वस्तीतलीच एक बाई रोज प्रत्येक झोपडीपुढे थांबायची आणि त्या दिवशी जे निघेल ते घ्यायची. रुपया, दोन रुपये, एखाद्या दिवशी काहीच नाही. प्रत्येक घराची एक प्लास्टिकची पिशवी असे. जमा झालेल्या पैशांच्या खुणा म्हणून तिच्यात रंगीत कागदाचे तुकडे पडत, प्रत्येक रकमेचा रंग वेगळा. पिशवी उघडली की शिल्लक कळली. ज्या घरातून काही मिळायचं नाही त्या घरापुढेही गोळा करणारी थांबायची, कारण कोण आजारी आहे, कुणाचं काम सुटलं, कुणाच्या नवऱ्याने रात्री मारहाण केली, हे तिला तिथेच कळायचं. अडीनडीचं कर्ज कुणाला द्यायचं ते या रोजच्या फेरीवरच ठरे.

या बायकांच्या संघटनेचं नाव महिला मिलन. शहरातल्या बेघरांविषयी आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक कळवळ्याचा, दुसरा ‘हे सगळे हटवा’ असा. महिला मिलनचा सूर तिसरा होता आणि तो वहीखात्याचा होता. आमची माणसं इतकी, आमची बचत इतकी, शहरात मोकळी जागा अमुक ठिकाणी, आता बोला.

हा सूर लागण्यामागे एक पावसाळा आहे. 13 जुलै 1981 रोजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फुटपाथवरच्या आणि झोपडपट्टीतल्या लोकांना हटवून आपापल्या गावी पाठवण्याचा निर्णय जाहीर केला. भर पावसात तोडक कारवाई सुरू झाली. पत्रकार ओल्गा टेलिस, पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज आणि काही रहिवासी न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा निकाल 10 जुलै 1985 रोजी आला. तो लिहिला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे या निकालाने मान्य केलं आणि त्याचा दाखला आजही दिला जातो. पण त्याच निकालाने हेही सांगितलं की फुटपाथ अडवून राहण्याचा हक्क कुणालाच नाही. पालिकेने नोटीस द्यावी, पावसाळा सरू द्यावा, 31 ऑक्टोबरपर्यंत थांबावं आणि मग हटवावं. तत्त्व जिंकलं आणि झोपडी हरली, असं म्हणायला हरकत नाही.

निकालातली एक तरतूद फारशी चर्चेत येत नाही. 1976 च्या गणनेत ज्यांची नोंद झाली असेल त्यांना मालवणीला पर्यायी जागा द्यावी, असं न्यायालयाने म्हटलं होतं. म्हणजे छप्पर मिळण्याची वाट सरकारी यादीतून जात होती. आणि फुटपाथवरची वस्ती तर अशा याद्यांतून सुटतच असे. पालिकेच्या लेखी ती अडथळा होती. तिथे माणसं राहतात याची नोंद कशात होणार?

1984 साली शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्पार्क’ ही संस्था काढली. बसायची जागा म्हणजे भायखळ्याच्या पालिका दवाखान्यामागचं गॅरेज. निकालाच्या वर्षीच, 1985 मध्ये, त्यांनी आणि फुटपाथवरच्या लोकांनी मिळून स्वतःची गणना केली. सुमारे 6 हजार कुटुंबं, 27 हजार माणसं. अहवालाचं नाव ‘वी, द इनव्हिजिबल’. फुटपाथवाले आज आले, उद्या जातील, हा समज या गणनेने मोडीत काढला. माणसं वर्षानुवर्षं तिथेच होती, मुलं तिथेच जन्मली होती. बहुतेकांची मुळं देशातल्या अतिगरीब जिल्ह्यांत होती आणि काम चालत जाण्याच्या अंतरावर होतं. गाडीभाडं परवडत नाही म्हणून ही माणसं कामाच्या शेजारी झोपत होती. हा अहवाल हाती आल्यावर पालिकेला निदान ‘किती आहेत ते माहीत नाही’ असं म्हणता येईना.

महिला मिलन उभी राहिली ती 1986 मध्ये, याच गल्ल्यांतल्या काहीशे बायकांतून. तिसरा भागीदार होता जॉकिन अर्पुतम यांचा राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ. ट्रॉम्बेची जनता कॉलनी 1976 मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्रासाठी उठवून चीता कॅम्पला नेली गेली, तेव्हा जॉकिन त्या लढाईत पुढे होते आणि हरले होते. (2000 साली त्यांना मॅगसेसे मिळालं; 2018 मध्ये ते गेले.) वस्ती संघटित करायचं त्यांचं कसब, स्पार्कच्या मंडळींची कागदपत्रांवरची पकड आणि बायकांची रोजची फेरी, अशी ही तिहेरी वीण. मोर्चे काढून दमलेल्या जॉकिनना बायकांच्या हाती कारभार द्यावासा वाटला, हा मला या सगळ्या हकिकतीतला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

पहिली लढाई घराची नव्हती, रेशन कार्डाची होती. पत्ताच नाही तर कार्ड कसलं, असं शिधावाटप कार्यालय विचारायचं आणि कार्ड नाही तर तुम्ही इथे राहता याचा पुरावा काय, असं बाकीची सगळी कार्यालयं विचारायची. बायकांनी गटाने जायला सुरुवात केली. मग पालिकेची गाडी. ती आली की आधी आरडाओरडा, मग धक्काबुक्की, शेवटी भांडीकुंडी आणि बांबू-प्लास्टिक गाडीत, असा ठरलेला क्रम होता. बायकांनी तो उलटवला. तोडायला माणसं येण्याआधी त्या स्वतःच झोपड्या उतरवू लागल्या. सामान वाचलं, मार वाचला, आणि गाडी गेल्यावर झोपडी परत उभी राहिली. यात शरणागती दिसेल, पण ज्याचं सगळं घर एका गाडीत मावतं त्याला सामान वाचवणं हाच विजय असतो.

घर कसं हवं, यावर त्यांची चर्चा मोठी रंगतदार होती. नकाशा वाचता येत नव्हता, म्हणून लांबी-रुंदी साडीने मोजली. साडी पसरली की खोली केवढी ते प्रत्येकीला दिसे. त्यातून पोटमाळ्याची खोली पुढे आली. छत चौदा फूट उंच ठेवायचं, म्हणजे मधे माळा घालून माणसं वरखाली झोपू शकतात. मग पूर्ण आकाराच्या नमुना खोल्या उभारून भायखळ्यात प्रदर्शन भरवलं, आणि सरकारी अधिकारी तिथे येऊन फुटपाथवरच्या बाईकडून खोलीचा खर्च समजावून घेऊ लागले. विकास आराखड्यात गरिबांच्या घरांसाठी राखलेली जागा प्रत्यक्षात कुठे आहे ते पाहायला बायका शहरभर हिंडल्या. मंत्रालयात ‘जागा नाही’ हे उत्तर ठरलेलं असतं. त्या जागेवर उभं राहून आलेल्या बाईला ते पटत नाही.

1995 मध्ये राज्याने झोपडपट्टी पुनर्वसन योजना आणली. बिल्डरने 225 चौरस फुटांचं घर मोफत द्यायचं आणि बदल्यात विक्रीसाठी जादा बांधकाम मिळवायचं. या योजनेत फुटपाथवरची झोपडीही धरली गेली. दहा वर्षांपूर्वी जी झोपडी अडथळा होती तिला आता ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हे शब्द लागू झाले. 1 जानेवारी 1995 पूर्वीचा पुरावा असेल तो पात्र, नसेल तो रस्त्यावर. भायखळ्याच्या काही बायका यथावकाश मानखुर्दच्या मिलन नगरात राहायला गेल्या.

त्यापेक्षा मोठी परीक्षा रेल्वेने घेतली. रुळांना खेटून असलेल्या झोपड्यांमुळे लोकल धिम्या कराव्या लागत. फेब्रुवारी 2000 मध्ये रेल्वेने हार्बर मार्गावर सुमारे दोन हजार झोपड्या पाडल्या आणि एकच गदारोळ झाला. पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी वाहतूक प्रकल्प आला तेव्हा रुळांकाठची सर्वेक्षणं, याद्या आणि स्थलांतर स्पार्क, महासंघ आणि महिला मिलन यांच्याकडे सोपवलं गेलं. हजारो कुटुंबं पोलीस बंदोबस्ताविना हलली.

इथे टीकाही सांगितली पाहिजे. 2004-05 च्या हिवाळ्यात मुंबईत हजारो झोपड्या पाडल्या गेल्या, तेव्हा ‘घर बचाओ, घर बनाओ’ आंदोलन रस्त्यावर उतरलं. त्या परंपरेतल्या कार्यकर्त्यांचं म्हणणं असं की वाटाघाटी करणाऱ्या संस्था सरकारचं हलवाहलवीचं काम स्वस्तात करून देतात. हा आक्षेप झटकण्यासारखा नाही. पुनर्वसनाच्या इमारतींकडे पाहिलं की तो आणखी टोचतो. मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड घ्या. एकमेकींना इतक्या चिकटून उभ्या इमारती की खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही. तिथल्या क्षयरोगाचा संबंध या रचनेशी जोडणारा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. शिवाय भायखळ्यात चालत कामाला जाणारी मोलकरीण मानखुर्दला गेली की तिचा दिवस लोकलमध्ये जातो, आणि वर मेंटेनन्सचं बिल येतं. मोफत घराची ही किंमत कुठल्याच सरकारी कागदात लिहिलेली नसते. तरीही माझं मत महिला मिलनच्या बाजूने झुकतं, कारण दरवाजा असलेलं घर आणि नळाचं पाणी हवं की नको, हे ठरवण्याचा अधिकार माझ्यासारख्याचा नाही. आणि त्या बायकांनी ते केव्हाच ठरवलं होतं.

सरकारी पैसा आणि लोकांचा हिशोब जुळला की काय होतं ते पाहायचं असेल तर पुण्याला जावं. 1999 नंतर आयुक्त रत्नाकर गायकवाड यांच्या काळात पुणे महापालिकेने वस्त्यांमधली सार्वजनिक शौचालयं बांधण्याचं आणि चालवण्याचं काम संस्थांना दिलं. बांधकामाचा खर्च, पाणी आणि वीज पालिकेची, देखभाल संस्थेची. शंभराहून अधिक शौचालयांचं काम स्पार्क, महासंघ आणि महिला मिलन या तिघांच्या युतीकडे आलं, आणि महिला मिलनच्या बायका चक्क कंत्राटदार झाल्या. सिमेंटचा भाव, गवंड्याची मजुरी, विटांचा दर्जा यांवर घासाघीस करायला त्या शिकल्या. मुलांसाठी वेगळी शौचकूपं, देखभाल करणाऱ्या कुटुंबाला तिथेच खोली, असे बारकावे त्यांत आले.

तो अनुभव पुण्यातल्याच येरवड्यात कामी आला. डिसेंबर 2005 मध्ये केंद्राने नेहरूंच्या नावाचं नागरी पुनरुत्थान अभियान सुरू केलं. त्यातल्या शहरी गरिबांच्या घरांच्या योजनेत पुण्यापुरतं खर्चाचं गणित असं होतं: निम्मा वाटा केंद्राचा, 30 टक्के राज्याचा, 10 टक्के महापालिकेचा आणि उरलेले 10 टक्के घर घेणाऱ्याचे. घर 270 चौरस फुटांचं, खर्च साधारण 3 लाख. म्हणजे कुटुंबाने 30 हजारांच्या आसपास भरायचे. बिल्डर नाही, सात मजली इमारत नाही, वस्ती उठवणं नाही. ज्यांची घरं पक्की होती ती तशीच ठेवली आणि त्यांच्या मधल्या कच्च्या झोपड्या पाडून त्याच जागी घरं बांधली. जागा लहान तर घर वर चढलं. दोन शेजाऱ्यांच्या जागा फारच चिंचोळ्या तर दोघांनी भिंत वाटून घेतली. प्रत्येक घराचा आराखडा वेगळा, आणि तो त्या घरच्या माणसांना पटवूनच कामाला हात घालायचा. गल्ली तीच राहिली, शेजार तोच, मुलांची शाळा तीच. हे काम वेळखाऊ होतं, पैशांचे हप्ते उशिरा येत, आणि या पद्धतीचं देशभर अनुकरण झालं नाही. झोपडपट्टीच्या जमिनीवर विक्रीच्या इमारती उभ्या राहत नसतील तर त्यात फार जणांना रस नसतो, हे त्यामागचं साधं कारण.

येरवड्यात निदान झोपडी तरी होती. ज्याला झोपडीही नाही, अशा माणसाचं काय? 2011 च्या जनगणनेत देशात 17.7 लाख बेघर नोंदले गेले; त्यांतले 9.38 लाख शहरांत, आणि शहरांतला आकडा 2001 पेक्षा वाढलेला. मुंबईत 57 हजारांच्या वर. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये अन्नहक्काच्या खटल्यात सांगितलं की मोठ्या शहरांत दर लाख लोकवस्तीमागे शंभर माणसांचा, बारा महिने चोवीस तास उघडा निवारा हवा. 2013 मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्यासाठी स्वतंत्र निधी आला. माणशी 50 चौरस फूट जागा, 50 माणसांच्या निवाऱ्याच्या चालू खर्चासाठी वर्षाला 6 लाख, असे तपशीलही ठरले. सव्वा कोटींच्या मुंबईला या हिशोबाने सव्वाशे निवारे लागतात. शहर त्याच्या जवळपासही पोचलेलं नाही. मुंबईत जागा नाही, हे उत्तर इथेही मिळतं. दरम्यान 1959 चा भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून आहे, आणि फुटपाथवर झोपलेला माणूस त्याच्या तावडीत सापडू शकतो.

आधी माणसं मोजा, मग मागा, हे भायखळ्याच्या बायकांनी जे शिकवलं ते इथे उपयोगी आहे. निधी आला तरी तो कुणासाठी हे माहीत नसेल तर निवारा स्टेशनपासून लांब, बाजारापासून लांब, बायकांना जायला भीती वाटेल अशा जागी बांधला जातो आणि रिकामा राहतो. मग अहवालात लिहिलं जातं की बेघरांना निवारा नकोच असतो.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. मागच्या खेपेला बेघरांची मोजणी 28 फेब्रुवारी 2011 च्या एका रात्रीत उरकली होती. पुलाखाली, फलाटाबाहेर, बंद दुकानाच्या फळीवर कोण झोपतं हे परक्या प्रगणकाला एका रात्रीत कळत नाही. तिथे रोज वावरणाऱ्या बाईला कळतं. महापालिकांनी या वेळी बचतगटांच्या आणि वस्तीतल्या बायकांना प्रगणकांसोबत न्यावं, आणि आपण ही मागणी आपापल्या नगरसेवकाकडे आतापासून लावून धरावी.